जिवंत माणसाला कुणी असं म्हणत नाही

“हाच,” असं म्हणून गुनवोरने संत्र्याची साल बशीत टाकली. “हा नवराच. जिवंत माणसाला कुणी असं म्हणत नाही.”

टीव्हीवर तेव्हा एक म्हातारा बायकोच्या पलंगाशी वाकलेला होता. बेटावरचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांची जहाजं बंदरात आणून लावत आलेला. बायको अकरा वर्षं अंथरुणावर. त्याने तिची उशी सारखी केली, कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाला, “सगळ्याबद्दल आभार.” मग थोडा समुद्र दाखवला, मग लगेच दुसऱ्या दिवशीची सकाळ आणि तोंडावरून ओढलेली चादर. त्रिग्वेने तिथेच चित्र थांबवलं. थांबवायचं ठरलेलंच होतं. ईस्टर आला की देशभर लोक खुनाच्या गोष्टी वाचतात, बघतात, दुधाच्या खोक्यावरसुद्धा एखादं प्रेत छापलेलं असतं. तसंच याही घरात. फक्त या घरात शेवटचा अर्धा तास राहिला की चित्रपट थांबतो आणि प्रत्येकाने सांगायचं, खुनी कोण आणि का. हा नियम हालवारच्या बायकोचा, बोर्गहिलचा. नाव कुणीही सांगतं, ती म्हणायची, कारण सांगा. बत्तीस वर्षं तिने दातांच्या दवाखान्यात खुर्चीशेजारी उभं राहून काढली होती. लोक साधे दात का घासले नाहीत याचंसुद्धा खरं कारण सांगत नाहीत, मग खुनाचं काय सांगणार, असं तिचं मत होतं, आणि म्हणून सिनेमातल्या खुन्यांवर तिचा भारी राग. फार भराभर सांगतात, म्हणायची. हात वर केले की लगेच कारण तयार. या ईस्टरला ती नव्हती. नियम तेवढा पाळला जात होता.

हालवारच्या हातात चॉकलेटचं वेफर होतं. तोंडाशी नेलेलं ते त्याने खाली आणलं. सगळ्याबद्दल आभार. जेवण झालं की जेवणाबद्दल आभार, रस्त्यात कुणी भेटलं की मागच्या भेटीबद्दल आभार, निरोप घेताना आजच्या दिवसाबद्दल आभार. आभारांची इथे कमतरता नाही. पण सगळ्याबद्दल म्हणायचं ते ऐकणारा गेल्यावर. हारावरच्या फितीवर, पेपरातल्या चौकटीत, कबरीच्या दगडावर. हे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे गुनवोर म्हणाली ते काही चूक नव्हतं, आणि एखाद्या दुसऱ्या वर्षी तोही म्हणाला असता, अरे हो, पकडलंस की. सोफ्यावर बसून तो संत्र्याच्या सालीकडे बघत राहिला. साल एकसंध निघाली होती, गुनवोरची नेहमी एकसंधच निघते.

“कारण?” त्रिग्वेने आईला विचारलं. “नुसतं नाव चालत नाही.”

“कारण कसलं त्यात. कंटाळला.”

“कंटाळून कुणी मारतं होय?”

“मी नाही मारलं. तुझ्या बापाला मारायला माझ्याकडे छत्तीस कारणं होती. आणि तो अजून स्पेनमध्ये गोल्फ खेळतोय, दोन्ही गुडघे नवे घालून.”

त्रिग्वे हसला. हालवारचा हा जावई विमा कंपनीत आहे. जळलेलं गॅरेज आपोआप जळलं की कुणी जाळलं हे ठरवणं त्याचं रोजचं काम, त्यामुळे या खेळात तो नेहमी थोडा गंभीर होतो. “मला यातले पहिले दोन्ही खून पटलेले नाहीत,” तो पुढे सरकून बसत म्हणाला. “हॉटेलवाल्या बहिणीला भाऊ धक्क्यावरून ढकलतो, कशासाठी, तर वीस मीटर किनाऱ्यासाठी. असं कुणी करत नाही. वकील करतात. वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. नाताळचं कार्ड पाठवत नाहीत. एवढ्यावर आपल्याकडे भागतं. आणि तो मास्तर, शाळेत कुणी हसलं त्याचा सूड चाळीस वर्षांनी काढतो, तेही मशरूमच्या सुपातून.”

“सूप चांगलं दिसत होतं,” गुनवोर म्हणाली.

“पण हा म्हातारा पटतो. हा एकटाच पटतो. अकरा वर्षं, आई. रोज उचला, धुवा, भरवा, रात्री उठा. शेवटी माणूसच आहे. खऱ्या कारणाची खूण काय, ते एका वाक्यात सांगता येतं. याचं येतं. दमला होता.”

आणि मग तो थांबला. आपण कुणासमोर बोललो ते त्याच्या लक्षात आलं ते नेमकं केव्हा, हे हालवारला स्पष्ट दिसलं, कारण त्रिग्वेने रिमोट उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. गुनवोरने संत्र्याची फोड तोंडात घातली आणि चावली नाही. चुकीचं बोलून गेल्यावर जी शांतता होते तिची हालवारला आता सवय होती. फेब्रुवारीत बोर्गहिल गेल्यापासून तो ज्या ज्या खोलीत गेला तिथे ती कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघालीच होती. कुणी ऑक्सिजन म्हणालं, कुणी नुसतं ‘श्वास घ्यायला फुरसत नाही’ म्हणालं, की झाली. तिला तो काही मनावर घेत नसे. लोक बिचारे सांभाळून घ्यायला बघतात. पण आज त्याने मान वर केली तेव्हा त्याची नजर मुलीवर, इंगविलवर गेली. ती टेबलाशी उभी होती, पिवळ्या मेणबत्त्या पुसत, पाठ इकडे. केस वर बांधलेले. आणि तिची मान, कानामागून खाली, लाल होत होती. लाज वाटल्यावर होते तशी नाही. लहानपणी ताप चढताना व्हायची तशी, ठिपक्याठिपक्यांनी. ती म्हणाली, “कॉफी आणते,” आणि स्वयंपाकघरात गेली. कॉफीचा थर्मास टेबलावर भरलेला होता.

त्या मानेने त्याला जे सांगितलं ते त्याला एकदम कळलं असं नाही. आधी शरीराला कळलं. तो तीस वर्षं शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करत होता, आणि लिफ्ट सुटल्यासारखं वाटलं असं तो म्हणाला असता तर कुणालाही ते शोभून दिसलं असतं, पण तसं काही नव्हतं. लिफ्ट सुटत नाहीत, तिथेच अडकून राहतात. तो नुसता बसल्या जागी जड झाला. तिने ऐकलं होतं. आपण बोर्गहिलला म्हणालो ते तिने ऐकलं होतं. दाराबाहेर ती होती.

फेब्रुवारीतला तो मंगळवार. मदतनीस बाई सकाळी येऊन गेली होती आणि बोर्गहिल म्हणाली, केस धू माझे, त्या बाईचा हात कापसाचा आहे, मला ते धुतल्यासारखं वाटत नाही. मग त्याने पुढच्या खोलीत, पलंगाशीच, घमेलं ठेवून धुतले. तिसरं वर्ष होतं. फुप्फुसं अशी बारीक होत गेली होती की ती एका श्वासाला तीन शब्द बोलायची, मग थांबायची, मग पुढचे तीन. त्या थांबण्यामुळे तिचं सगळं बोलणं विनोदी झालं होतं, कारण ती नेमकी कुठे थांबेल सांगता यायचं नाही. ऑक्सिजनचं यंत्र कोपऱ्यात घुमत होतं. ती टॉवेल गुंडाळून बसली होती आणि तो केस विंचरत होता. केस पातळ झाले होते, डोक्याची कातडी गुलाबी दिसत होती, बाळासारखी. त्या आधीच्या महिन्यात त्याचा थोरला भाऊ गेला होता, आणि कबरस्तानात, बर्फात उभा राहून, थंडीने पाय हलवत, तो आजूबाजूचे दगड वाचत होता. सगळ्याबद्दल आभार. सगळ्याबद्दल आभार. ओळीने. एवढ्या लोकांनी एवढ्या लोकांचे आभार मानलेले, आणि त्यातल्या एकालाही ते ऐकू गेलेले नाहीत. त्याला तेव्हा राग आला होता. दुःख नाही, रागच. हे काय चाललंय, असं वाटलं होतं. आणि त्या मंगळवारी, हातात कंगवा, तो राग कुठून तरी परत आला आणि तो बोर्गहिलच्या कपाळावरचे केस मागे घेत म्हणाला, “सगळ्याबद्दल आभार.” मुद्दाम, स्पष्ट, थोडं मोठ्यानेच, कारण यंत्राचा आवाज होता.

ती त्याच्याकडे वळली. “दगड कोरायला,” ती म्हणाली आणि थांबली, “टाकलास वाटतं.” आणि हसायला लागली. तिला हसणं परवडत नव्हतं. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता घुसमटली, नाकातली नळी सुटली, त्याने एका हाताने नळी धरली आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ. त्याच वेळी बाहेरच्या बोळातून, मुख्य दाराकडून, गार वाऱ्याचा लोट आला. मदतनीस बाईने दार नीट ओढलं नसेल असं त्याला वाटलं. बोर्गहिलचे केस ओले होते. त्याने खोलीचं दार पायाने ढकलून लावून टाकलं. ती शांत व्हायला बराच वेळ लागला. झाली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ती म्हणाली, “पुन्हा म्हण.” तो म्हणाला नाही. त्याला भीती वाटली ती पुन्हा हसेल. त्याच आठवड्यात रविवारी पहाटे ती गेली, झोपेत, डॉक्टर म्हणाले होते तशीच.

आणि वेलचीचे बन्स. ते त्याला आता आठवले. त्या मंगळवारी संध्याकाळी बोळातल्या खुर्चीवर बन्सची पिशवी सापडली होती, कागदी, इंगविलच्या ऑफिसखालच्या बेकरीची. मदतनीस बाईने ठेवली असेल असं त्याने धरलं. दुसऱ्या दिवशी तिचे आभारही मानले, तर बाई म्हणाली, कसले बन्स. मरणघाईच्या दिवसांत माणूस अशा गोष्टींचा माग काढत बसत नाही. त्याने ते दुधात बुडवून खाल्ले होते. म्हणजे ती आली होती. इथल्या सगळ्यांसारखी दारातच वाकून बूट काढत असणार. ऐकलं असणार ते एवढंच: बापाचा आवाज, सगळ्याबद्दल आभार, मग आई घुसमटते, मग दार लागतं. बाकीचं, मधलं, तीन तीन शब्दांत बोललेलं, यंत्राच्या घुमण्याखाली राहिलं. त्रिग्वेच्या चित्रपटात याहून जास्त काय दाखवलं होतं? तिथे निदान समुद्र तरी होता.

सगळा वसंत त्याच्यासमोर उलटा फिरला. दगडावरून झालेलं भांडण. जमिनीतली थंडी उतरली की मे महिन्यात दगड बसवायचा, त्यावर काय घालायचं ते ठरवायला बसले तेव्हा इंगविल म्हणाली, फक्त नाव आणि सालं. तो म्हणाला, खाली ते घालू, घालतात ते. ती म्हणाली, नको. का नको? नको, बाबा, ते नको. त्याने आवाज चढवला तेव्हा ती उठून गेली होती, आणि त्याला वाटलं होतं, आजकालच्यांची आवड, त्यांना सगळं कोरं लागतं. तिचे फोन कमी झाले ते. घरी आली की पुढच्या खोलीत न बसता स्वयंपाकघरात बसायची ते. मिठी मारताना आधी खांद्यावर हात ठेवून अंतर राखायची ते. म्हणजे गेले दोन महिने पोरगी एका संशयिताच्या घरी केक घेऊन येत होती. त्याला हसू आलं असतं, बोर्गहिल असती तर. ती नव्हती, म्हणून राग आला, आणि तो राग त्याला बरा वाटला. किती दिवसांनी काहीतरी स्वतःचं वाटलं. लोकांनी दिलेली हळहळ नाही, चर्चमधून मिळालेलं दुःख नाही. स्वतःचा राग.

“थांबलास का?” तो त्रिग्वेला म्हणाला. “बोल की पुढे.”

“नाही, हालवार, मला तसं म्हणायचं नव्हतं. मूर्खासारखं बोललो.”

“मूर्खासारखं नाही बोललास. एका वाक्यात येतं ते खरं, म्हणालास. दमला होता. बरं. मी दमलो नव्हतो असं वाटतं तुला?”

“कुणी असं म्हणतंय का?”

“मी म्हणतोय. मी दमलो होतो. उभ्या उभ्या झोपायचो. एकदा दुकानात रांगेत झोपलो, लोणच्याची बाटली हातात धरून. कधीकधी तिची घंटी वाजली की मनात म्हणायचो, वाज. वाज अजून. आणि मग जायचो. आणि ती म्हणायची, ये, म्हाताऱ्या, मी काय पळून चालले होते. आता यातलं कुठलं वाक्य घेणार तू?”

त्रिग्वेने आईकडे पाहिलं. गुनवोरने अखेर ती फोड गिळली. “त्याला बोलू दे,” ती मुलाला म्हणाली, आणि हालवारला म्हणाली, “तू बोल. मी ऐकतेय. पण साडेसातची बस आहे माझी, सणाच्या दिवशी त्यानंतरची थेट नऊला.”

“माझं बोलणं झालं,” हालवार म्हणाला. गुडघ्यावर हात टेकून उठला. खिडकीबाहेर उजेड होता, एप्रिलचा, लांबत जाणारा, आणि रस्ता रिकामा. सगळं शहर डोंगरातल्या लाकडी घरांत जाऊन बसलेलं. हिवाळाभर टाकलेली खडी अजून फुटपाथवर पडून होती. दरवर्षी ते दोघं या दिवसांत शहरातच राहत, कारण बोर्गहिलला बर्फात चालायचा कंटाळा. सगळे गेले की शहर आपलं होतं, म्हणायची.

स्वयंपाकघरात इंगविल नळाखाली कप धूत होती. कप स्वच्छ होते. त्याने दार लावलं नाही, उघडंच ठेवलं, पुरतं उघडं, भिंतीला टेकेल असं.

“कॉफी होतेय,” ती म्हणाली.

“ते बन्स तू आणले होतेस.”

तिने नळ बंद केला. कप हातातच राहिला.

“वेलचीचे,” तो म्हणाला. “मी खाल्ले. चांगले होते. तू दारात होतीस.”

“हो.”

“मग विचारलं का नाहीस?”

“काय विचारणार होते?”

“जे वाटलं ते. बाबा, तू काय केलंस, असं. चार शब्दांचा प्रश्न आहे. दोन महिने झाले.” बोलताना त्याच्या लक्षात आलं की तो ताठ उभा आहे, साहेबाच्या टेबलासमोर राहायचा तसा, आणि हे त्याला आवडलं. समोरच्याने आरोप करावा, आपण सफाई देऊ नये. नुसतं काय झालं ते सांगावं आणि घ्यायचं तर घ्या म्हणावं. त्याने सांगितलं. केस धुतले. म्हणालो, कारण नंतर म्हटलं तर कुणाला म्हणणार, दगडाला कान नसतात. ती म्हणाली, दगड कोरायला टाकलास वाटतं. हसली. हसण्याचाच खोकला झाला.

“हसत होती?”

“हसत होती.”

“आणि दार?”

“गार वारा येत होता. तिचे केस ओले होते. तू आलीस तो वारा, आता कळतंय.” त्याने श्वास घेतला. “तू विश्वास ठेवावास म्हणून सांगत नाही. नको ठेवूस. माझ्यावर विश्वास ठेवायला तुला साक्षीदार लागत असेल तर तो मेलेला आहे.”

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलकं होईल अशी त्याने वाट पाहिली. वाट पाहिली हे त्याने कबूल केलं नसतं, पण पाहिली. काहीच हलकं झालं नाही. उलट तिने कप खाली ठेवला आणि हळूच, जागा चाचपत, स्टुलावर बसली, जणू आता खरी बातमी लागली होती.

“हसत होती,” ती पुन्हा म्हणाली.

“मी खुनी नव्हे, एवढं तरी बरं वाटू दे.”

“तू खुनी वाटलास म्हणून मी गप्प नव्हते, बाबा.” तिने दाराकडे पाहिलं. बाहेर टीव्ही पुन्हा सुरू झाला होता. गुनवोरने लावायला लावलं असणार. इंगविलने आवाज खाली घेतला. “मला वाटलं तू तिला संपवतोयस. आणि मी आत आले नाही. मी तिथे उभी राहिले. एक बूट काढलेला होता. खोकला थांबेपर्यंत उभी राहिले. मनात म्हटलं, होऊ दे. मग तो बूट घातला. नाडीसुद्धा नीट बांधली. दोन गाठी मारल्या. आणि गेले. आणि ऑफिसात जाऊन काम केलं. आणि संध्याकाळी तुझा फोन आला की आईने आज दोन वाट्या सूप प्यायलं.”

हालवार उभा होता. जो ताठपणा त्याने आणला होता तो ठेवायला आता जागा नव्हती, त्यामुळे तो तसाच राहिला, खांद्यांत. ज्या पोरीला तो आज न्यायाधीश समजत होता ती दोन महिने आरोपीच्या बाकावर बसलेली होती आणि त्याने कधी तिकडे पाहिलं नव्हतं. मग दुसरा विचार आला, आणि तो आधी यायला हवा होता: बोर्गहिल घुसमटत होती आणि तिची मुलगी बोळात उभी होती. हे खरंच घडलं होतं. दार पातळ, मध्ये एक बोट लाकूड. त्याच्या हाताच्या तळव्यात त्या पाठीची हाडं आली, एकेक, टॉवेलखालची. त्याला ती पाठ हवी होती, आत्ता, आणि समोर स्टुलावर तीच पाठ होती, रुंद, जिवंत, पस्तिशीची, वाकलेली. तिला धरावं की हलवावं हे त्याला ठरवता येईना. कॉफीचं यंत्र शेवटचे थेंब टाकत फुसफुसलं.

“रागावलास,” ती म्हणाली.

“हो.”

“रागावच.”

“रागावलोय म्हटलं ना. आणखी कसं रागावू.”

“मी दमले होते,” ती म्हणाली, आणि आता रडायला लागली, आवाज न करता, नाक हाताने पुसत. “तुझ्यासारखी मी रोज नव्हते, मला बोलायला तोंड नाही, पण दमले होते रे. दर वेळी फोन वाजला की तेच. दर वेळी निरोप घ्यायचा आणि ती पुन्हा सूप प्यायची. मी दमले होते, म्हणून मी...”

“म्हणून नको.”

“काय?”

“दमले होते, तिथे थांब. ते खरं आहे. मीही दमलो होतो. पुढे म्हणून लावू नकोस.” त्याला ते नीट सांगता येईना. शब्द जोडून दाखवण्याचा धंदा त्याने कधी केला नव्हता, आणि चिडून तो टेबलावर बोटाने खुणा करायला लागला, इथे हे, इथे ते. “तू दमलीस, हे एक. तू दारात उभी राहिलीस, हे एक. मध्ये काय होतं ते तुला माहीत नाही. मलाही नाही. मी घंटीला लगेच गेलो नाही त्या वेळी मध्ये काय होतं आणि गेलो त्या वेळी काय होतं, सांगता येणार नाही मला. म्हणून लावलंस की त्रिग्वेच्या वाक्यात बसशील. मग जन्मभर तेच वाक्य. मी तसा बसणार नाही आणि तुला बसू देणार नाही.”

“मग मी काय म्हणू?”

“मी दारात उभी होते, एवढं म्हण. म्हणालीस. झालं.”

तिने वर पाहिलं. मान अजून लाल होती, पण आता सगळी, सारखी. “दगडावर घाल ते,” ती म्हणाली. “मी नाही अडवणार.”

“नको. मी तिला सांगून झालंय.”

त्याने कपाटातून दोन कप काढले, धुतलेले नव्हेत, वरचे, आणि कॉफी ओतली. एक तिच्यासमोर ठेवला. ठेवताना तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता का? हवा होता. पण अजून राग होता, आणि तो खोटं वागला असता तर तिला ते कळलं असतं. ती कॉफी प्यायली. आभार, म्हणाली. कॉफीबद्दल.

बाहेर गुनवोर कोट घालत होती आणि कोट घालता घालता बघत होती, एक बाही आत, एक बाहेर. टीव्हीवर तो म्हातारा लाकडी खुर्चीत बसलेला होता. समोर पोलिसातली बाई, पूर्ण चित्रपटभर जिला सर्दी झालेली होती ती, आताही रुमाल धरून. म्हातारा हातांकडे बघत म्हणाला, “मी दमलो होतो.” बाईने मान हलवली, समजल्यासारखी. मग समुद्र, मग बोट, मग नावं वर सरकू लागली.

“झालं,” गुनवोर दुसरी बाही शोधत म्हणाली. “पहिल्या फटक्यात सांगितलं होतं. यंदा मी जिंकले.”

“जिंकलीस,” त्रिग्वे म्हणाला. त्याने बायकोकडे पाहिलं, ती स्वयंपाकघराच्या दारात कप धरून उभी होती, डोळे सुजलेले, आणि मग सासऱ्याकडे. काहीतरी बोलायला हवं म्हणून आणि काय बोलावं ते न कळून तो म्हणाला, “हालवार, तुम्हाला पटलं का?”

“नाही.”

“पण त्याने कबूल केलं. स्वतःच्या तोंडाने.”

“केलं की.” हालवार खुर्चीवर बसला. मागे इंगविल आली आणि उभी राहिली, खुर्चीला न टेकता. “त्याला कुणी नीट विचारलंच नाही.”